चौथा खुंट

“वरच्या पोरीच्या मशीनला ताप चढलाय, आन् ती कुणाला सांगंना गेली,” खालचे काका काकूंना सांगत होते. “तीन दिस झालं, पंखा नुस्ता बोंबलायलाय.”

“तुम्हाला इथं बसून काय कळायलंय?” काकू म्हणाल्या.

“छताला कान हायेत की माझे.”

मी त्या वेळी जिन्यात, त्यांच्या दारापासून चार पायऱ्या वर, दह्यासाठी रिकामा डबा घेऊन उभी होते. खाली कुणी बोलत असलं की मी जिन्यातच थांबते आणि ते आत गेले की उतरते. त्यामुळे आमच्याकडे दही कायम उशिरा येतं. त्या दिवशी मात्र मी दही न आणताच परत वर गेले, कारण काका म्हणत होते ते अक्षरशः खरं होतं.

जगातल्या सगळ्या वस्तूंचे, माणसांचे आणि संस्थांचे दोनच प्रकार असतात, नीट बसलेले आणि नीट न बसलेले, आणि दुसऱ्या प्रकारातल्यांची जबाबदारी आपल्यावर सोपवलेली आहे, अशी खालच्या काकांची पक्की समजूत आहे. वाळूजच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये, म्हणजे जिथे यंत्रांचे साचे बनतात आणि दुरुस्त होतात तिथे, त्यांनी चौतीस वर्षं फिटर म्हणून काम केलं. या चौतीस वर्षांत त्यांनी बसवलेला एकही साचा परत दुरुस्तीला आला नाही. ही गोष्ट ते स्वतःहून कुणाला सांगत नाहीत. फक्त पाहुण्याने चहाचा पहिला घोट घेतला की विषय तिथे येऊन पोचतो. बजाजनगरमधल्या या दुमजली घराचा खालचा मजला त्यांचा, आणि वर आम्ही भाड्याने राहतो. निवृत्त झाल्यावर माणसं भजनाला जातात, बागेत चालतात. काका मात्र त्याच कामावर राहिले, फक्त कारखाना बदलला. आता आमची सबंध गल्ली त्यांची टूलरूम आहे.

इतर पुरुषांच्या शर्टाच्या खिशात पेन असतं, तसं काकांच्या खिशात फीलर गेज असतं. पोलादी पात्यांचा बोटाएवढा जुडगा, जपानी पंख्यासारखा उघडणारा. प्रत्येक पातं वेगळ्या जाडीचं, आणि दोन वस्तूंमधल्या फटीत कोणतं पातं शिरतं यावरून फट मोजायची. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात त्यांनी आईच्या कुकरच्या झाकणात ते पातं सारलं आणि म्हणाले, “वहिनी, तुमचं वरण शिजत नसंल.” आईचं वरण खरोखरच महिनाभर शिजत नव्हतं. ती डाळीला आणि दुकानदाराला दोष देत होती. रबर बदललं, वरण शिजलं, आणि त्या दिवसापासून आई काकांबद्दल बोलताना पदर सावरते.

पण ज्यांच्या घरात असा माणूस असतो त्यांचं काय होत असेल हे काकूंना विचारावं. काकांकडे मायक्रोमीटरही आहे. काकूंनी भाकरी वाढली की ते मधोमध आणि कडेला, दोन ठिकाणी जाडी मोजतात. “जेवायचंय का तपासायचंय?” असं काकू रोज विचारतात, आणि काका रोज, “दोन्ही,” म्हणतात. भाचीच्या लग्नात जेवणाचं टेबल डुगडुगत होतं म्हणून ते पत्रिकेची घडी करून टेबलाखाली शिरले. मुलाकडच्यांना वाटलं, बाईमाणसाचं काहीतरी सोन्याचं पडलं. मग दोन व्याही आणि एक फोटोग्राफरही टेबलाखाली शिरले. पंगत वीस मिनिटं थांबली. टेबल मात्र नंतर हललं नाही.

वेरूळला आम्ही दोन्ही घरं मिळून एकदा पाहुण्यांना घेऊन गेलो होतो. कैलास लेण्यासमोर काका फार वेळ वर बघत उभे होते. गाईडला वाटलं, भारावलेत. तो म्हणाला, “एकाच दगडातून कोरलंय, काका. अख्ख्या मंदिराला एकसुद्धा जोड नाही.”

“तेच बघायलोय,” काका म्हणाले. “सांधाच नाय तर फिटिंग कशाचं? ज्यानं केलं त्यानं खरी अडचण टाळली की.”

गाईडचं तोंड पडलं. पण निघताना काका मागे राहिले, आणि कुणी बघत नाही असं पाहून त्यांनी भिंतीवरून तळहात फिरवला. “लई हात होता माणसाचा,” असं ते भिंतीलाच म्हणाले. मी बघत होते. मी बहुतेक वेळा बघतच असते.

दुसऱ्या कुणी पिळलेल्या स्क्रूवर काकांचा विश्वास नाही. तो आधी सैल करायचा, मग परत पिळायचा, तोही त्यांच्या पद्धतीने: आधी एक, मग त्याच्या समोरचा, आणि प्रत्येक वेळी फक्त पाव फेरा. ते तोंडाने “पाव… पाव… पाव…” म्हणत राहतात. आमचा छताचा पंखा काही तक्रार नसताना त्यांनी उतरवला आणि परत चढवला. तो आधीसारखाच फिरू लागला. “आता फरक कळायलाय का?” त्यांनी खालून विचारलं. आम्ही तिघांनीही हो म्हटलं.

आणि शेवटी त्यांचा तो प्रश्न. कुठलीही वस्तू जागेवर गेली की काका समोरच्याला विचारतात, “बसलं?” समोरच्याने मोठ्याने, “बसलं!” असं सांगायचं. मान हलवलेली चालत नाही. “मुंडी नको. बोलून सांग.” टूलरूममध्ये हा नियमच होता, कारण प्रेसच्या आवाजात आणि अंधाऱ्या कोपऱ्यात मान हललेली दिसेलच असं नाही, आणि दिसली तरी ती कशासाठी हलली हे कळत नाही. काकांच्या डाव्या हाताचं मधलं बोट अर्धंच आहे. समोरच्या माणसाने मान हलवली होती, पण ती भलत्याच कुणाला तरी. तो माणूस कोण होता हे काकांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. काकूंनाही नाही.

आता माझी अडचण अशी की माझं बरंचसं बोलणं मान हलवण्यातच उरकतं. मी इंग्रजी शाळेत शिकले. मराठीत बोलले की गल्लीतल्या मुली हसायच्या, इंग्रजीत बोलले की मावश्या गप्प व्हायच्या. तेव्हापासून मी मान हलवायला शिकले. तिला भाषा लागत नाही. त्यामुळे काकांची आणि माझी गाठ जिन्यात पडली की एक छोटी चकमक व्हायची. “कॉलेज झालं का, माय?” मी मान हलवायची. “मुंडी नको.” मग मी, “झालं,” म्हणायची, आणि तेवढ्याने दमून वर जायची.

या एप्रिलमध्ये मात्र माझं सगळंच एका संगणकावर येऊन ठेपलं. कारखान्यांसाठी यंत्रांचे ॲनिमेशनपट करायला मी शिकले आहे. पंपाच्या आत तेल कसं फिरतं, साचा कसा उघडतो, असलं काहीतरी. पुण्याच्या एका स्टुडिओने मला चाचणी म्हणून एका मिनिटाचा पट करायला दिला होता. तो शनिवारी संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता. पसंत पडला तर घरी बसून काम. नाही पडला तर सोमवारी सकाळी नऊ वाजता मला एका डोळ्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर रुजू व्हायचं होतं. बाबांनी ओळखीने ती नोकरी ठरवली होती. तिथे मी दिवसभर अनोळखी माणसांना नाव, वय आणि कोणता डोळा, हे विचारणार होते. आईने त्यासाठी दोन कुर्ते शिवायला टाकले होते. मी त्या खुर्चीवर बसलेय, रांग लागलीय आणि मी सगळ्यांकडे बघून मान हलवतेय, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर सारखं यायचं.

जुन्या संगणकाला हे काम झेपत नव्हतं. दुकानात जाऊन दुकानदाराशी बोलावं लागू नये म्हणून मी सुटे भाग मागवले आणि स्वतःच जोडायचं ठरवलं. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू, मोठ्या चौकोनी बिस्किटाएवढा. त्याला तासन्‌तास राबवलं की तो भयंकर तापतो, म्हणून मी पाण्याने गार करायची सोय घेतली होती. तांब्याच्या गुळगुळीत तळाचा एक ठोकळा प्रोसेसरवर घट्ट बसवायचा. त्यातून पाणी फिरतं, गरम होऊन नळीतून जाळीकडे जातं, पंख्यांनी गार होतं आणि परत येतं.

रविवारी खोकी उघडल्याचा आवाज ऐकून काका वर आले. मी तुटक तुटक सांगितलं. त्यांनी नळ्या बघितल्या, जाळी बघितली. “म्हंजी कूलरच की हा,” ते म्हणाले, आणि खिडकीतल्या आमच्या वाळ्याच्या कूलरकडे पाहून त्यांचं समाधान झालं. बेचाळीस अंशांच्या उन्हात आमच्याकडे कूलर ही समजावून सांगायची गोष्ट नसते.

मग ते म्हणाले, “पूजा केली का?”

खंडेनवमीला टूलरूममध्ये प्रत्येक यंत्राची पूजा व्हायची, आणि नवीन यंत्र तर पूजेशिवाय सुरूच व्हायचं नाही. आई लगेच हळदीकुंकवाचा करंडा आणि ओल्या कुंकवात रंगवलेल्या अक्षता घेऊन आली. मला वाटलं, काका पडद्याला कुंकू लावतील, नाहीतर त्या चकचकीत ठोकळ्याला. पण त्यांनी सगळे भाग न्याहाळले आणि एक काळी लोखंडी पट्टी उचलली. प्रोसेसर ज्या बोर्डावर बसतो त्याच्या पाठीमागे ही पट्टी लागते. तिला चार खुंट असतात. ते बोर्डाच्या चार भोकांतून पुढे येतात आणि त्यांच्यावरच ठोकळा स्क्रूने आवळतात. एकदा लागली की ती कुणाला दिसत नाही.

“हिची करायची,” काका म्हणाले. “पाया हाय हा. वरच्याला सगळेच हार घालतेत.”

खुंट वर करून त्यांनी पट्टी पाटावर ठेवली, कुंकवाचं बोट लावलं, चिमूटभर अक्षता वाहिल्या आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. नंतर डोळे न उघडताच पट्टी उलटी करून दोनदा आपटली आणि फुंकर मारली. अक्षता पडल्या. एक दाणा पडला नाही. ओल्या कुंकवावरून घसरून तो एका खुंटाच्या बुडाशी गेला आणि तिथेच चिकटला. मला तो दिसला. मी तोंडही उघडलं होतं. पण काकांनी पट्टी कपाळाला लावली होती, आई हात जोडून उभी होती, आणि पूजेतल्या अक्षतेबद्दल तक्रार कशी करतात हे मला कुठल्याच भाषेत येत नव्हतं. नंतर हळूच काढू, असं मी मनाशी म्हटलं. तेवढ्यात काकांनी स्वतः पट्टी बोर्डाला लावली, मागून हाताने दाबून धरली आणि म्हणाले, “लाव.” मग स्क्रू, पाव फेरे, आमनेसामने, या गडबडीत तो दाणा माझ्या डोक्यातून साफ गेला.

“बसलं?”

मी मान हलवली.

“मुंडी नको.”

“बसलं,” मी बोर्डाकडे बघून म्हणाले.

“त्याला नको सांगू, मला सांग.”

“बसलं म्हणतेय ती,” आई मध्येच म्हणाली. काकांनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि का कुणास ठाऊक, त्या दिवशी चालवून घेतलं.

मंगळवारी मी पट तयार करायला लावला. पडद्याच्या कोपऱ्यात प्रोसेसरचं तापमान दिसत होतं. साठ, पंचाहत्तर, नव्वद. पंखे जिवाच्या आकांताने ओरडायला लागले, आकडा शंभरावर गेला आणि पडदा काळा झाला. दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती. मी नळीवर हात ठेवून पाहिलं, पाणी फिरत होतं. आत हवेचा बुडबुडा असेल म्हणून जाळी तिरकी करून थोपटली. ठोकळा आणि प्रोसेसर यांच्यामध्ये एक करडी पेस्ट लावतात, बारीक फटींतली हवा जावी म्हणून. ती पुसून परत लावली. इंटरनेटवर एक जण म्हणत होता वाटाण्याएवढी लावा, दुसरा म्हणत होता फुलीसारखी. मी दोन्ही केलं. स्क्रू आणखी आवळले. दर वेळी साठ, पंचाहत्तर, नव्वद, शंभर, काळं. बुधवार गेला, गुरुवार गेला. मी कुणालाच काही सांगितलं नाही. आईने विचारलं की मान हलवायची.

शुक्रवारी मी जिन्यात ते ऐकलं, आणि परत येऊन खोलीत बसले तर दहा मिनिटांत काका दारात. त्यांच्या हातात लोखंडी पेटी होती.

“ताप कधीपासून, माय?”

मी तीन बोटं दाखवली.

“बोल.”

“तीन दिवस. म्हणजे चौथा.”

“आन् कधीपस्तोर पायजे?”

“उद्या संध्याकाळ. त्याला आठ-नऊ तास सलग चालावं लागेल.” आणि मग, मला स्वतःलाच नवल वाटलं, मी आणखी एक वाक्य बोलले. “नाहीतर सोमवारी रिसेप्शन.”

काकांनी माझ्याकडे जरा बघितलं. काकूंकडून त्यांना सगळं कळलेलं होतंच. “मंग चल, उघड,” ते म्हणाले.

मी चार स्क्रू काढले आणि ठोकळा उचलला. पेस्ट बघून काकांनी नाक मुरडलं. “हा मलम कशाला? दोन्ही तोंडं नीट घासलेली असती तर मलम लागला असता का? आण तो मेंदू इकडं, दोन हात स्क्रॅपर मारतो.” आणि त्यांनी पेटीतून खरोखरच धातू तासायचं हत्यार काढलं.

“नको!” मी दोन्ही तळहात प्रोसेसरवर धरले.

स्वयंपाकघरातून आई बाहेर आली. काका हसायला लागले. “आवाज हाय की हिला! वहिनी, आवाज हाय!”

स्क्रॅपर आत गेलं आणि एक छोटी डबी बाहेर आली. त्यात गर्द निळा रंग होता. टूलरूममध्ये दोन पृष्ठभाग एकमेकांना सगळीकडे टेकतात का हे बघायला एकावर हा निळा रंग अगदी पातळ पुसतात, दुसरा त्यावर दाबतात आणि उचलतात. जिथे रंग उतरला नाही तिथे स्पर्श झाला नाही. काकांनी बोट डबीत घालायच्या आत मी ठोकळा त्यांच्यापुढे उलटा धरला.

“काका, हाच. हीच तुमची निळी.”

त्यांना क्षणभर कळलं नाही. मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि त्या करड्या ठशावर वाकले. मीही वाकले. चार दिवस मी पेस्ट पुसत होते, लावत होते, पण तिच्याकडे ठसा म्हणून एकदाही बघितलं नव्हतं. एका कोपऱ्यात पेस्ट इतकी चेपली होती की खालून तांबं चमकत होतं. त्याच्या समोरच्या कोपऱ्यात ती मी लावली तशीच, जाड, आरामात पडलेली होती.

“लंगडायलाय,” काका हलक्या आवाजात म्हणाले. “एकीकडं गाडलाय आन् दुसरीकडं अधांतरी हाय. म्हंजी मलमाचा दोष नाय, पाण्याचा बी नाय. लिही.”

त्यांनी व्हर्नियर काढला आणि बोर्डातून वर आलेल्या खुंटांची उंची मोजायला लागले. ते आकडा सांगायचे, मी तो मोठ्याने परत म्हणून लिहायचा. मनात म्हटलेलं चालत नव्हतं. पहिला, दुसरा, तिसरा, तिघांची उंची सारखी. चौथा दीड मिलिमीटर कमी.

“चौथा बुटका आहे,” मी म्हणाले.

“खुंट बुटका नसतो, माय. बुडाला काहीतरी अडकलेलं असतं, म्हणून तो पुरता वर येत नाय.”

ते ऐकलं आणि माझं पेन कागदावरच थांबलं. काकांनी दातांत छोटी बॅटरी धरली, संगणकाची मागची बाजू उघडली आणि पट्टी सैल करून अलगद बाजूला घेतली. मग त्यांनी बॅटरी तोंडातून काढली, नखाने काहीतरी सोडवलं आणि तळहातावर ठेवलं.

तांदळाचा दाणा. कुंकवाने लाल, पाच दिवस दाबाखाली राहून जरासा चपटा, पण अख्खा.

“अगंबाई, ही तर पूजेतली…” आई म्हणाली, आणि तिथेच थांबली.

“व्हय,” काका म्हणाले. “मी वाहिलेली. पट्टी बी मीच लावली.”

मी ठोकळ्याकडे बघत राहिले. आत्ता सांगायचं, असं मला अगदी स्पष्ट वाटलं. पण काकांनी तोवर पट्टी पुसायला घेतली होती, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला धीर झाला नाही. त्यांनी पट्टी पाचदा पुसली. लावली. मी नवी पेस्ट लावली, ठोकळा ठेवला. त्यांनी स्वतः स्क्रू पिळले, पाव पाव फेरा, पण तोंडाने ‘पाव’ न म्हणता. शेवटचा स्क्रू झाला. मी उत्तर जिभेवर तयार ठेवून बसले होते. त्यांनी विचारलंच नाही.

“चालू कर,” एवढंच म्हणाले.

साठ. एकसष्ट. त्रेसष्ट. पंखे एकदा गुरगुरले आणि मग खाली आले, इतके खाली की खिडकीतल्या कूलरचा आवाज वर आला. मी पूर्ण दहा मिनिटं त्या आकड्याकडे बघत होते. त्रेसष्ट. चौसष्ट. परत त्रेसष्ट. मी सरळ फरशीवर बसले. “रडतेयस का हसतेयस?” आईने विचारलं. मग तीही शेजारी येऊन बसली आणि आम्ही दोघी, दुपारच्या मालिकेकडे बघावं तसं, त्या आकड्याकडे बघत राहिलो. मी वळून पाहिलं तेव्हा काका गेले होते. पेटी घेऊन, चहा न घेता.

शनिवारी सकाळी पट तयार होता. तेल पंपात शिरत होतं, पात्यांवरून फिरत होतं आणि शहाण्यासारखं बाहेर येत होतं. मी तो दुपारी पाठवला आणि संध्याकाळी स्टुडिओचं उत्तर आलं. काम पसंत होतं. पुढचे तीन महिने त्यांच्याकडे माझ्यासाठी काम होतं. बाबांनी ते पत्र दोनदा वाचलं, मग स्वतःच दवाखान्यात फोन करून नम्रपणे नाही म्हणून सांगितलं. फोन ठेवल्यावर ते मला म्हणाले, “खरं सांगू का? मलाही काळजीच वाटत होती. पेशंटांची.” कित्येक आठवड्यांत आम्ही तिघं असे हसलो नव्हतो. कुर्ते शिवून आले, तेही छान झाले होते. मी ते घालून घरीच बसते.

पण खाली काहीतरी बिघडलं होतं. काका मला जिन्यात भेटले आणि त्यांच्या शर्टाचा खिसा सपाट होता. फाटकाची कडी कधी नव्हे ती सैल झाली होती, आणि ते एका हाताने ती धरून, तिच्याकडे न बघता, बाहेर गेले. बुधवारी मी दह्याचा डबा घेऊन पुन्हा जिन्यात थांबले होते, तर काकू आईला सांगत होत्या, “जेवतेत, पेपर वाचतेत, सगळं करतेत. पण पाच दिसांत एक स्क्रू नाय पिळला. आन् काल भाकर मोजली नाय हो. तशीच खाल्ली. माझ्या घशाखाली घास उतरंना.”

“मुलीचं तर सगळं छान झालं ना,” आई म्हणाली.

“मी पण तेच म्हणले. तर म्हणतेत, चौतीस वर्षं परत आलं नाय, ते घरातल्या घरात परत आलं. डोळ्यासमोर व्हतं आन् दिसलं नाय, आता माझी नजर गेली.”

काकू आत गेल्या, आई वर आली. मी मात्र खाली उतरले, आणि फाटकाकडे न वळता त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. इतकी वर्षं राहून या दारात मी एकटी, बोलावल्याशिवाय, कधी आले नव्हते. काका समोरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. त्यांचा तो पात्यांचा जुडगा टीव्हीवर, जुन्या वस्तू ठेवतात तसा ठेवलेला होता.

“ये, माय,” ते म्हणाले. “मशीन बरं हाय?”

मी मान हलवली.

मी ‘मुंडी नको’ची वाट बघितली. त्यांनी ती मान चालवून घेतली आणि परत पेपरकडे बघायला लागले, आणि ते मला सहन झालं नाही.

“काका,” मी म्हणाले, “तुमची नजर गेलेली नाही. तुमचे डोळे मिटलेले होते. दाणा खुंटाच्या बुडाशी गेला तेव्हा मला दिसला होता.”

हे मी म्हणाले खरं, पण ते बहुतेक हातातल्या डब्याला उद्देशून होतं. काकांनी पेपर खाली ठेवला. आतल्या दारात काकू येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांच्या हाताला पीठ होतं. मग काकांनी डावा हात उचलला, ते अर्धं बोट कानामागे लावलं आणि डोकं पुढे केलं.

“ऐकू नाय आलं,” ते म्हणाले. त्यांच्या मिशीचं एक टोक हलत होतं.

मी डबा खाली ठेवला, त्यांच्याकडे बघितलं, आणि फाटकापर्यंत, कदाचित गल्लीच्या टोकापर्यंतही जाईल अशा आवाजात म्हणाले, “मला दिसला होता, काका! मी बोलले नाही!”